तिसरी फांदी

माझ्या हाताला यश आहे असं लोक म्हणायचे आणि मी त्यांना म्हणू द्यायचो. एकतीस वर्षं एकाच नर्सरीत मी गुलाबावर डोळे भरले. म्हणजे रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, तिथे चांगल्या गुलाबाचा एक अंकुर, तोच डोळा, बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. दिवसाला तीनशे. शंभरातले पंच्याण्णव लागायचे. उरलेल्या पाचांचा दोष मी खुंटावर ढकलायचो.

या कामात एक नियम डोळे मिटून पाळायचा असतो. बांधलेल्या जागेच्या खालून फूट आली की ती रानाची. ती वेळीच उडवली नाही तर सगळं खाऊन माजते आणि वरचा गुलाब उपाशी मरतो. हा नियम मी कितीतरी नव्या माळ्यांना शिकवला. धाकटे मालक तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीत हात काळे करायला यायचे. त्यांनाही मीच शिकवला.

आमची सूनबाई चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर तांदळापेक्षा बारीक स्क्रू फिरवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन गॅलरीत बारीक गुलाबांशी बोलायचं. गॅलरी म्हणजे काय, तीन पावलं लांब आणि एक माणूस आडवा उभा राहील एवढी रुंद. त्यात कपडे वाळत घालायचा स्टँड, जुनी बादली आणि सूनबाईच्या अकरा कुंड्या. सगळे बटण गुलाब. वीतभर झाड, नखाएवढं फूल.

"गुलाब आहे की शर्टाला लावायचंय?" मी विचारायचो. ती हसायची. मला वाटायचं, माझ्या विनोदाला हसते.

चार वर्षांपूर्वी तिने रंगाच्या ब्रशने एका झाडाचे पराग दुसऱ्यावर लावले. फळ धरलं. त्यातलं बी ओल्या कापसात गुंडाळून दोन महिने फ्रिजमध्ये ठेवलं. आमच्या हिने शिळं काहीतरी समजून ती डबी दोनदा कचऱ्यात टाकली आणि दोनदा सूनबाईने उकरून काढली. चाळीस बियांतून नऊ रोपं आली, आठ तिने पुढे रद्द केली, एक ठेवलं. ते एक झाड मात्र खरोखर बघण्यासारखं होतं. पाकळी आतून विटकरी, मागून साईच्या रंगाची. उंची वीतभरच राहायची, पण एका वेळी वीस-वीस फुलं यायची, तीही त्या एवढ्याशा कुंडीत. असा गुलाब मी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.

"बरं आहे," मी म्हणालो. माझं "बरं आहे" म्हणजे फार मोठं कौतुक असा आमच्या घरात समज आहे. खरं सांगतो, त्या दिवशी माझ्या पोटात दुखलं. मी लाखांनी गुलाब केले, पण सगळे दुसऱ्यांचे. माझा म्हणावा असा एकही नाही.

तिने फोटो नर्सरीत पाठवला. धाकट्या मालकांचा फोन आला, रविवारी बघायला येतो. झाड फोटोसारखं असेल तर आम्ही वाढवू, तुम्ही ठेवाल त्या नावाने विकू. सूनबाई फोन ठेवून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आलीच नाही. आमची ही म्हणाली, "मालक आपल्या घरी येणार!" मला ते फार लागलं. एकतीस वर्षांत मालक कधी आमच्या घरी आले नव्हते.

अडचण एकच होती. झाडाचा जुना दांडा वरून काळा पडत चालला होता. पण बुडातून तीन नव्या फांद्या आल्या होत्या आणि सगळी मदार त्यांच्यावर होती. आदल्या वर्षी तिने लावलेल्या काड्या कुजल्या होत्या, म्हणून जगात हे एवढं एकच झाड. "रविवारी फुलं दाखवून झाली की या तिन्ही फांद्या लावते," ती म्हणाली होती. आणि हेही म्हणाली होती, "बाबा, याला खुंट नाहीये. बीपासून आलंय, आपल्याच मुळांवर आहे." मी पेपर वाचत होतो. मी "हं" म्हणालो.

मंगळवारी तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती आणि आमचा मुलगा तीन दिवसांसाठी गेले. जाताना तिने गॅलरीच्या दाराला चिठ्ठी लावली: बाबा, सकाळी एकदा पाणी, मातीत, पानांवर नको. बाकी काही करू नका.

बाकी काही करू नका! ज्या माणसाने अख्खी नर्सरी उभी केली त्याला चष्म्याच्या दुकानातली मुलगी सांगते, बाकी काही करू नका. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बुधवारी सकाळी पाणी घातलं आणि वाकून बघितलं. जुना दांडा मरतोय आणि बुडातून तीन फोक जोमाने वर आलेत. एकतीस वर्षांचा हात. कात्री खिशात होतीच. पहिली फांदी उडवली. दुसरी उडवली.

तिसरी धरली तेव्हा पानांखाली कळी दिसली. वाटाण्याएवढी, आणि टोकाशी विटकरी.

इथवरची चूक मी कुणालाही सांगू शकलो असतो. यापुढचं सांगायला जीभ रेटत नाही. कळी बघताक्षणी मला कळलं की फूट रानाची नाही, झाडाचीच आहे. पेपरामागून ऐकलेलं तिचं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. आणि मी विचार केला तो असा: ही एक राहिली तर रविवारी फुलेल, आणि फुलली की आधीच्या दोन का कापल्या असं सगळे विचारतील. तिन्ही गेल्या तर म्हणता येईल, खुंटाच्या होत्या. मी तिसरी कापली. शुद्धीवर होतो. कात्री पुसून खिशातसुद्धा ठेवली.

मग त्या फांद्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटात कपड्यांमागे ठेवल्या. कचऱ्यात आमच्या हिला दिसल्या असत्या. साठी उलटलेला मी माणूस, चोरून लाडू खाल्ल्यासारखा कपाटाशी उभा होतो.

गुरुवारी संध्याकाळी सूनबाई आली. चपला काढायच्या आधी गॅलरीत गेली. आवाज आला नाही. मी पेपर तोंडापुढे धरला, तोही सकाळीच वाचून झालेला. ती बाहेर आली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, फांद्या कुठे गेल्या?"

"उंदीर असतील," मी म्हणालो.

उंदीर कुरतडतो, चोथा करतो. तिन्ही काप बुडाशी लागून होते, साफ, अंगठा फिरवला तर टोचणार नाहीत असे. तसा काप या घरात एकाच माणसाला येतो, आणि तो काप बघूनच ती माझ्यासमोर उभी होती.

"हो," ती म्हणाली. "असतील."

आमच्या हिने लगेच उंदरांना शिव्या घालायला सुरुवात केली. मुलगा म्हणाला, पिंजरा आणतो. आणलाही. दोन दिवस गॅलरीत बिचारा पिंजरा उघडा पडला होता आणि येता-जाता मला तो ओलांडावा लागत होता. शुक्रवारी सकाळी सगळे बाहेर गेल्यावर मी कपाटातली पुडी काढली आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या गाडीत टाकली.

मालकांना येऊ नका म्हणून कळव, असं मुलगा तिला म्हणाला. तिने कळवलं नाही. "त्यांना दांड्यावर एखादा जिवंत डोळा दिसला तर?" एवढंच म्हणाली. आशा माणसाला काय काय करायला लावते. माझ्याने ते ऐकवेना.

रविवारी धाकटे मालक आले. आता त्यांचे केस माझ्यासारखेच पांढरे झालेत. मला नमस्कार केला, "काका, तब्येत?" विचारलं, आणि गॅलरीत उकिडवे बसले. नखाने दांडा खरवडला. आत हिरवं नव्हतं. आणखी खाली खरवडला. तिथेही नव्हतं. मग त्यांनी तिन्ही कापांवर बोट फिरवलं.

"या कुणी काढल्या?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्याआधी ती बोलली. "मीच. मला वाटलं, खुंटाची फूट आहे."

मालकांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, बीच्या झाडाला खुंट कुठला? आणि घरात एवढा मोठा माणूस असताना विचारायचं तरी!" मग माझ्याकडे वळून हसले. "काका, जरा शिकवा हिला."

तिथल्या तिथे सांगता आलं असतं. दीड हातावर तो माणूस होता, दीड हातावर ती होती. मालक चहाची वाट बघत होते आणि आमची ही दारात ट्रे घेऊन उभी होती.

"शिकवतो," मी म्हणालो.

मालक गेल्यावर ती कप धुवायला ओट्याशी उभी राहिली. मी मागे जाऊन उभा राहिलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. धरणीने पोटात घेतलं असतं तर हसत गेलो असतो.

"मी कापल्या," मी म्हणालो.

"माहितीये, बाबा."

"मग त्यांच्यासमोर खोटं का बोललीस?"

"त्यांनी तुमच्याकडे बघितलं तेव्हा तुम्ही असे दिसलात ना, की मला बघवेना." तिने नळ बंद केला. "मला नर्सरीत कोण ओळखतं? तुमचं नाव आहे तिथे."

तिने हात पुसले आणि विचारलं, "फांद्या कुठे टाकल्या?"

"कचऱ्याच्या गाडीत."

"बुधवारी?"

"शुक्रवारी."

ती थांबली. मनातल्या मनात दिवस मोजत असावी. "म्हणजे मी गुरुवारी विचारलं तेव्हा घरातच होत्या?"

"कपाटात. ओल्या कागदात." हे मी का सांगितलं कुणास ठाऊक. फांदी कापली की ओल्या कागदात गुंडाळायची, एवढं हाताला आपोआप येतं. त्यासाठी मन चांगलं असावं लागत नाही.

"हिरव्या होत्या?"

"हो."

ती भिंतीला टेकली. इतक्या वेळात पहिल्यांदा तिचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. "तेव्हा हातात दिल्या असत्यात तर मी रागावले असते, बाबा. खूप रागावले असते, आठवडाभर बोललेही नसते. पण त्याच संध्याकाळी तिन्ही लावल्या असत्या. एखादी तरी जगली असती." मग जणू मलाच वाचवायला म्हणाली, "तुम्हाला तेव्हा सुचलं नसेल."

तिने दार उघडं ठेवलं होतं. नुसती मान हलवली असती तरी सुटलो असतो.

"सुचलं होतं," मी म्हणालो.