ताईंच्या नावावरचा नंबर

एका सहीच्या बदल्यात ताईंना तीन वर्षं नक्की मिळत होती. निवृत्तीपर्यंत तीच खुर्ची, तोच फोन, चारला टेबलावर येणारा चहा. वर धाकट्या मालकाचा पडलेला चेहरा. ही शेवटची बाब हिशेबात धरायची नाही असं त्या स्वतःला बजावत होत्या आणि धरत होत्या.

भानगड अशी, की लिफ्टदुरुस्तीच्या त्या कंपनीचा फोन कंपनीच्या नावावर नव्हताच. पूर्वी फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. ताईंच्या वडिलांनी घरासाठी लेकीच्या नावाने अर्ज टाकला होता. नऊ वर्षांनी नंबर लागला. त्याच महिन्यात ताई इथे तक्रारींचे फोन घ्यायला नोकरीला लागल्या आणि मालकांच्या वडिलांनी तो "चार दिवसांपुरता" मागून घेतला. ते चार दिवस एकतीस वर्षं चालले. गावभरच्या साडेचारशे लिफ्टमध्ये तो नंबर चिकटला. ताईंचे वडील मात्र शेवटपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करत राहिले. बिल ताईच भरत, म्हणून त्यावरचं नाव ऑफिसात कुणी वाचलंच नव्हतं.

मग धाकट्याने इंटरनेटवरच्या फोनचा ध्यास घेतला.

"करू या, पण कधी?" थोरले मालक म्हणाले. त्यांचं प्रत्येक गोष्टीत असंच असे.

"आजच. दादा, जग कुठे गेलं, आपण अजून तारेला लोंबकळतोय."

"लाईट गेली की लिफ्ट अडकते," ताई जागेवरूनच म्हणाल्या, "आणि लाईट गेली की तुमचं इंटरनेटही जातं. आत अडकलेल्याने काय भजन म्हणायचं?"

थोरले खो खो हसले. धाकटा हसला नाही, पण आठवड्याभरात बॅटरी घेऊन आला आणि ताईंचा एकुलता एक मुद्दा निकालात निघाला. मग फॉर्म भरायला बसल्यावर कळलं, की जुना नंबर नव्या सेवेवर न्यायचा तर तो ज्याच्या नावावर आहे त्याची सही लागते.

धाकट्याने जन्मात पहिल्यांदा ताईंसाठी खुर्ची ओढली. "ताई, एवढी एक सही."

"करते की. मलाही एक कागद द्या. नोकरी राहील म्हणून."

"तीन वर्षं, निवृत्तीपर्यंत, असं लिहू या का?" थोरल्यांनी विचारलं.

तिथे ताईंना हाव सुटली. साडेचारशे लिफ्टमध्ये चिकटलेला नंबर कोण उखडणार? आपण थकू, तो थकायचा नाही. "तीनच कशाला? हा नंबर चालू आहे तोवर माझी नोकरी चालू, असं लिहा."

धाकट्याने कागद दोनदा वाचला आणि झटकन सही ठोकली. इतकी झटकन, की ताईंना तेव्हाच शंका यायला हवी होती. पण त्या जिंकल्याच्या तोऱ्यात होत्या. त्यांनीही केली.

नंबर कंपनीच्या नावावर गेला. दोन महिने ताई कानाला हेडफोन लावून बसल्या. मेकॅनिक रोज लाल स्टिकरांचे गठ्ठे घेऊन बाहेर पडत. ताईंना वाटलं, जाहिरात असेल. एका सकाळी त्या स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरल्या. समोर लाल स्टिकर होतं आणि त्यावरचा नंबर त्यांचा नव्हता.

ऑफिसात हेडफोन मुका होता. फोन आता थेट मेकॅनिकांच्या खिशात वाजत होते.

"जुना नंबर कालच बंद केला, ताई," धाकटा अगदी अदबीने म्हणाला. त्याने तो कागद पुढे सरकवला. "शब्द तुमचेच आहेत. आम्ही कानामात्रा बदलली नाही."

ताईंनी थोरल्यांकडे पाहिलं. ते फाईल चाळत होते.

"मी तीन वर्षं म्हणालो होतो," ते फाईलीलाच म्हणाले.

धाकट्याला ताईंच्या जागेवर काचेची केबिन मिळाली. थोरल्यांचं फोनचं बिल निम्म्यावर आलं, आणि "कधी" या प्रश्नातून त्यांची सुटका झाली. एका जुन्या इमारतीत स्टिकर बदलायचं राहून गेलं, तिथे अडकलेल्या लिफ्टमध्ये एक म्हातारे गृहस्थ दोन तास बंद नंबर फिरवत उभे राहिले. ताईंनी हातची घालवलेली तीन वर्षं घरी बसून मोजली. त्याच नंबरासाठीची नऊ त्यांच्या वडिलांनी आधीच मोजून ठेवली होती.