पाच हजार चाळीस

सात घंटांचे वेगवेगळे क्रम किती होतील? एक ते सात आकडे गुणत जा, पाच हजार चाळीस येतात. सात, आठ, नऊ, दहा गुणले तरी तेवढेच. आमच्या चर्चचे घंटाप्रमुख अ‍ॅम्ब्रोजकाका म्हणत, "या आकड्यावरून देवाने स्वतः हात फिरवलाय."

हे सगळे क्रम, एकही पुन्हा न येता, तीन तास सलग आणि तोंडपाठ वाजवायचे. चारदा आमचा प्रयत्न फसला होता. काकांच्या गुडघ्यांना आता मनोऱ्याच्या पायऱ्या झेपत नव्हत्या. ही त्यांची शेवटची खेप होती.

शनिवारी सकाळी आम्ही सातजणांनी दोर धरले. अडीच तास सुरळीत गेले. शेवट जवळ आला तशी मी मनातल्या मनात प्रभूचे आभार मानू लागले, आणि कुणाच्या मागून दोर ओढायचा तेच विसरले.

"हेस्टर, माझ्या मागून," काका शांतपणे म्हणाले. "ओठ हलतायत तुझे. देव थांबेल, घंटा थांबणार नाही."

मी दोर ओढला. क्रम मोडता मोडता वाचला.

शेवटी सातही घंटा सुरुवातीच्या सरळ क्रमात परतल्या. पाच हजार चाळीस पूर्ण झाले. खाली चर्चच्या भिंतीपाशी गाव टाळ्या वाजवत होतं.

"काका, आजच्या वादनाची पाटी मनोऱ्यात लागेल, तिच्यावर तुमचं नाव सगळ्यांत वर," आमच्या सातांतला टोबायस म्हणाला.

काकांनी डोळे पुसले. "नाव कुठेही लिही रे. आधी मला खाली ने, भूक लागलीय."