साठ किलोची पुडी

आमची कंपनी संडासाच्या टाकीत टाकायची पावडर बनवते. पावडरीत जिवाणू असतात. ते टाकीतली घाण खातात आणि आम्ही त्यांच्या जिवावर खातो. प्रयोगशाळेत जिवाणू मोजायचं काम माझं, आणि माझ्या डोक्यावर मालकांचे जावई. समोर त्यांना साहेब म्हणतात, मागे जावईबापू. पात्रता विचाराल, तर लग्न झालेलं आहे.

या महिन्यात मी कायम होणार होते. कायम झालं की कंपनीची एक खोली मिळते. मी आणि आई दादाकडे राहतो. वहिनी वाईट नाही, पण आईचं अंथरूण स्वयंपाकघरात, ओट्याला लागून. वहिनीने भांडं जरा जोरात ठेवलं की आई उठून अंथरूण गुंडाळायला लागते, मग ते भांडं रागाने आपटलेलं असो की हातातून निसटलेलं. मला ती खोली हवी होती, नोकरीपेक्षाही जास्त.

नव्या पुडीवर छापायचा आकडा साहेबांनी जातीने काढला. एका ग्रॅममध्ये जिवाणू दोन गुणिले दहाचा आठवा घात. पुडी तीनशे ग्रॅमची, म्हणजे तीन गुणिले दहाचा दुसरा घात. दोन त्रिक सहा, इथवर सगळं आलबेल होतं. मग त्यांनी आठ दुणे सोळा केलं आणि उत्तर लिहिलं: सहा गुणिले दहाचा सोळावा घात. खाली 'तपासले' असं लिहून माझ्या सहीला जागा सोडली.

"साहेब, घातांची बेरीज करायची असते. आठ आणि दोन, दहा."

"गुणाकार चाललाय ना? मग मध्येच बेरीज कुठून आली?"

"दहाने आठदा गुणलं, वर आणखी दोनदा. एकूण दहादाच झालं ना?"

"शाळेतलं शाळेत ठेवा हो. इथे धंदा चालतो."

घात या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक शाळेत शिकवतात, दुसरा नोकरीला लागल्यावर कळतो.

मी वजनावर आले. "एका जिवाणूचं वजन साधारण दहाचा उणे बारावा घात ग्रॅम. तुमचा आकडा धरला तर नुसते जिवाणूच साठ किलो भरतात. आणि पुडी आहे तीनशे ग्रॅमची."

साहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला. सोळा गुणिले उणे बारा, उणे एकशे ब्याण्णव. त्यांचा चेहरा खुलला. "हे बघा, वजन जवळजवळ शून्य येतंय. आरामात मावतात की."

मी थक्क झाले. एका चुकीची साक्ष द्यायला तिची सख्खी बहीण धावून आली होती, आणि दोघींचं अगदी पटत होतं.

आमचे आवाज ऐकून मालक आत आले. भांडण काय ते त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "सोळा मोठे की दहा?"

"सोळा," साहेब म्हणाले.

"मग सोळा छापा. गिऱ्हाईक मोठा आकडा बघतं. बाई, करा सही."

मी पेन उचललं. रागाने रडू येत होतं आणि डोळ्यांपुढे ती खोली होती. पण काही केल्या ते साठ किलो पुडीत मावेनात. "मी सही करणार नाही," मी म्हणाले.

मालकांनी जावयांकडे पाहिलं.

"यांची मुदत महिनाअखेर संपतेच आहे," साहेब म्हणाले. "दुसरं कुणीतरी घेऊ." वजाबाकी मात्र त्यांना चोख येते.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. कालच तिने बजावलं होतं, मोठ्यांच्या नादी लागू नकोस, सांगतील तिथे सही कर. आता बोलणी खायची माझी तयारी होती.

"तीनशे ग्रॅमच्या पुडीत साठ किलो?" तिने विचारलं.

"हो."

"आणि हे त्यांना कळत नाही?"

"नाही."

"मग बरं केलंस." बाहेरच्या खोलीत वहिनीचा आवाज आला तशी तिने मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "आता आपण जाणार नाही, हे तिला मी सांगते. तू समोर थांबू नकोस."