कोमट पाण्याचा पेला

थंड पेयांच्या त्या कारखान्यात सकाळी सातला बाटल्यांची लाइन सुरू व्हायची. बटण दाबणारा वेगळा आणि मॅनेजर वेगळा, पण चालायचं मामांचं. कुणाचे मामा, ते विचारू नका. सत्तावीस वर्षं पाण्याच्या खोलीत काढली की माणूस सगळ्यांचाच मामा होतो.

तलावाचं पाणी आधी गाळायचं, मग त्यात क्लोरीन घालायचं, आणि शेवटी दोन पुरुष उंच टाकीतून खाली उतरवायचं. टाकीत कोळसा असे. शेगडीतला नव्हे; नारळाच्या करवंटीचा, वाफ देऊन तयार केलेला, मिऱ्याच्या दाण्याएवढा. हा बहाद्दर पाण्यातलं क्लोरीन आणि वास आपल्याकडे ओढून घेतो, पण वास मात्र पोट भरेपर्यंतच. पोट भरलं तरी क्लोरीन अडवतो, म्हणून तपासायची पट्टी खुशाल सगळं ठीक दाखवते. निसटतो तो तलावाचा मातकट वास, आणि तो पकडायला नाकच लागतं.

म्हणून मामा रोज पेलाभर पाणी कोमट करत, वर बशी झाकत, मग बशी सरकवून वास घेत. त्यांनी मान डोलावली की लाइन सुरू. इतक्या वर्षांत त्यांच्या मानेला कुणी 'का' विचारलं नव्हतं.

आणि दोन महिन्यांपूर्वी मामांना सर्दी झाली. सर्दी गेली ती वास घेऊनच गेली.

घरी हे आधी बायकोच्या लक्षात आलं. स्टोव्हवर दूध करपून काळं झालं आणि मामा तिथून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. ती मागच्या दारातून धावत आली, पातेल्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, कारखान्यात सांगून टाका. मामा म्हणाले, सांगतो. पण सांगतात कसले! निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. नाक गेलेल्या माणसाला पाण्याच्या खोलीत कोण ठेवणार? गेटाजवळ स्टुलावर बसवतील, ट्रकचे नंबर लिहायला.

मग त्यांनी एक युक्ती काढली. लॅबमध्ये सहा महिन्यांपूर्वी एक बाई लागली होती. लग्न झालेली, एका मुलीची आई, कामाला चोख. मामा तिला म्हणाले, ये पोरी, आधी तू वास घे, शिकून ठेव. ती काय सांगते ते ऐकायचं, मग आपण पेल्यावर नाक धरायचं आणि तिच्याच उत्तराला मान डोलवायची. बिचारी हरखून गेली. सत्तावीस वर्षांची विद्या हा माणूस फुकट देतोय, म्हणून घरी जाऊन त्यांचं कौतुक करायची. आणि खरं सांगायचं तर शिकलीही. मामांना तरुणपणी जमलं नव्हतं इतकं बारीक तिला कळू लागलं.

मंगळवारी घोळ झाला. उन्हाने तलाव आटला होता. तिने वास घेतला, पुन्हा घेतला आणि गप्प राहिली. तिला ओल्या मातीचा वास आला होता; पण अगदी पुसट, तेव्हा आधी मामांना बोलू द्यावं, असं तिला वाटलं. मामांना वाटलं, ही काही बोलत नाही म्हणजे पाणी स्वच्छ. त्यांनी मान डोलावली आणि लाइन सुरू झाली. दोघं शहाणे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले की असंच होतं.

दुपारी ती तोच पेला पुन्हा कोमट करून घेऊन आली.

"मामा, सकाळी मला यात मातीचा वास आला होता. तुम्ही मान डोलावलीत, म्हणून वाटलं माझंच नाक फसवतंय. आताही येतोय. माझं काय चुकतंय, सांगा ना."

चारला ट्रक सुटणार होते. गप्प बसणं सोपं होतं. पण गप्प बसायचं म्हणजे या पोरीला तिचं चांगलं नाक खोटं आहे, असं पटवून द्यायचं. मामा खोटं वागले होते, पण इतके नीच नव्हते. त्यांना स्वतःची शरम वाटली.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "मला दोन महिने कसलाच वास येत नाही."

ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला शिकवत नव्हतात. वापरत होतात."

पेला ठेवून ती निघून गेली. मामा स्वतःच्या पायांनी मॅनेजरकडे गेले आणि सगळं सांगितलं. ट्रक थांबले, दिवसभराचा माल ओतून द्यावा लागला. मॅनेजरने जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक तारखेपासून गेटावर, एवढं मात्र ठरलं. तोवर कोळसा बदलायचा, कारण ते काम दुसऱ्या कुणाला धड येत नव्हतं.

मामांनी जुना कोळसा काढला, नवा भरला, झाकणाला नवं रबर लावलं. नवा कोळसा पाण्यात भिजत ठेवावा लागतो. आतली हवा निघाली नाही तर धुताना तरंगतो आणि वाहून जातो. बुधवार त्यात गेला. मग खालून पाणी सोडून, काळं पाणी नितळ होईपर्यंत त्यांनी तो धुतला. लॅबवाली येऊन नमुने नेत होती, पण मामांच्या हातून नाही; बाटली स्वतःच भरून घ्यायची.

गुरुवारी सकाळी पेल्याभोवती मॅनेजर, लाइनवाला आणि दोन मेकॅनिक उभे. मंगळवार दुपारपासून कारखाना बंद, सगळ्यांचा जीव टांगणीला. तिने बशी सरकवली, वास घेतला.

"नको. रबराचा वास येतोय."

मॅनेजर कुरकुरला, नवा कोळसा आहे, एवढं काय त्यात! आणि सवयीने सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मॅनेजरनेही पाहिलं, म्हणजे कमालच. मामांना क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. एकदा मान हलवली असती तर लाइन सुरू झाली असती.

"माझ्याकडे काय बघताय?" मामा म्हणाले. "बाई नको म्हणाल्या ना? मग नको."

त्यांनी टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडला आणि सगळं पाणी गटारात सोडून दिलं.

"अर्ध्या तासाने परत पेला भरा, मामा," ती म्हणाली.

मामा पेला विसळायला गेले.