डावा खांदा

"त्याचा डावा खांदा टेकला न्हवता," आकाराम म्हणाला.

जत्रा कमिटीच्या खोलीत तेव्हा चौघेजण भजी खात बसले होते. आकारामच्या डोक्याला गुलाबी फेटा होता, गळ्यात झेंडूचा हार होता, कपाळापासून बेंबीपर्यंत गुलाल होता. आत्ताच गावानं त्याला खांद्यावर घेऊन देवळाला फेरी मारली होती. अशा अवस्थेतला माणूस तक्रार घेऊन आलाय, हे भजी खाणाऱ्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला.

"कुणाचा खांदा?" वीरधवलनं विचारलं. तो कमिटीचा नवा अध्यक्ष. कोल्हापुरात दोन वर्षं कॉलेज करून आला होता आणि गावातली प्रत्येक गोष्ट वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपावी, असं त्याला वाटे.

"बिराप्पाचा. उजवा टेकला. डावा बोटभर वर व्हता."

"काका, तुमी जिंकलाय."

"त्येच सांगतोय. न्हाई जिंकलो."

"मग काय बिराप्पा जिंकला?"

"त्यो कसा जिंकंल? त्यो खाली व्हता."

कोपऱ्यात पंच नानासो बसले होते. सत्तरीचा माणूस. त्यांनी हातातलं भजं खाली ठेवलं. "मी वाकून बघितलंय रं. दोन्ही खांदं मातीत. माझ्या डोळ्यावर इस्वास न्हाई व्हय तुझा?"

"नाना, तुमाला मोतीबिंदू हाय."

"एका डोळ्याला हाय. मी दुसऱ्यानं बघितलं."

वीरधवल विचारात पडला. हरलेल्याची तक्रार कशी ऐकायची, हे कमिटीला ठाऊक होतं. जिंकलेल्याची तक्रार ऐकायची सोयच नव्हती. त्यानं भज्यांची परात पुढं सरकवली. "घ्या काका. उनउनीत हाईत."

आकारामनं भजी घेतली नाहीत. हार काढून त्यानं टेबलावर ठेवला आणि तो बाहेर पडला. फेटा मात्र राहिला डोक्यावर, कारण तो घट्ट बांधला होता.

पाडळवाडीत आकारामची पिठाची गिरणी होती. वर्षभर गावाला तो पांढरा दिसे. भुवया पांढऱ्या, कानांची भोकं पांढरी. माघातल्या जत्रेच्या दिवशी तो लाल मातीत उतरे आणि लहान पोरांना नव्यानं ओळख पटवून द्यावी लागे. तरुणपणी तो सांगलीच्या एका तालमीत होता. तिथं त्यानं खुराक भरपूर खाल्ला, जोर-बैठका भरपूर मारल्या, आणि एक अवघड विद्या मिळवली. त्याला कुणी पाडू शकत नसे. कुणाला पाडायची विद्या मात्र त्या मानानं कच्ची राहिली.

तसाच एक पैलवान जतच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ तयार झाला होता. मेंढरं राखणारा बिराप्पा. पाडळवाडीच्या मैदानात कुणीतरी या दोघांची जोड लावली. उन्हं कलेपर्यंत दोघे एकमेकांच्या मानेला मान लावून उभे राहिले आणि शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली.

मैदानाचा जुना रिवाज असा, की सुटलेली जोड पुढच्या जत्रेला पुन्हा लावायची, निकाल लागेपर्यंत. रिवाज पाडणाऱ्यांच्या डोक्यात एखाद-दुसरं वर्ष असावं. या दोघांनी त्याच्यावर पंधरा-सोळा वर्षं काढली.

पुढंपुढं आकाराम-बिराप्पाची कुस्ती लागली की लोक चहाला जायला लागले. हलगीवाला अर्जुना तेवढ्यात हलगी शेकून घ्यायचा. जत्रेत चुकलेल्या पोरांची नावं लाऊडस्पीकरवरून याच वेळी पुकारली जात, कारण मैदानात एवढी शांतता पुन्हा मिळत नसे. मधे मातीच्या हौद्यात दोन पैलवान मानेला मान लावून उभे असत आणि वर आवाज येई, निळ्या चड्डीतलं एक पोरगं पाळण्यापाशी रडत आहे, ज्याचं असेल त्यानं घेऊन जावं.

पहिल्या काही बरोबऱ्या अस्सल होत्या. नंतरच्यांबद्दल आकाराम खोलात जात नसे.

बिराप्पा जत्रेच्या आदल्या दिवशी यायचा. खांद्यावर घोंगडं, घोंगड्यात बांधलेले हुलगे. "वैनी, आलो की," म्हणून हुलगे आकारामच्या बायकोपुढं, साळूबाईपुढं ठेवायचा, अंघोळ करायचा आणि गिरणीत पोत्यावर जाऊन बसायचा. पट्ट्याच्या खडखडाटात बोललेलं काही ऐकू येत नसे, आणि दोघांनाही ते सोयीचं होतं. दुपारभर असे बसत. एक दळायचा, दुसरा पीठ पडताना बघायचा. दुसऱ्या दिवशी एकमेकांना पाडायचा प्रयत्न करायचे, रात्री मटण खायचे, तिसऱ्या दिवशी बिराप्पा एसटीनं परत.

कुस्ती नसती तर त्यानं यायचं कशाला? नातं नाही, सोयरीक नाही, बाजाराचं गाव एक नाही. नुसतं भेटायचं म्हणून एका पैलवानानं तीन एसट्या बदलाव्यात, हे दोघांच्याही समजुतीत बसत नव्हतं. आकारामला दुसरा कुणी दोस्त नव्हता. गिरणीत लोक यायचे, पण ते पिठासाठी.

आणि चौऱ्याण्णव साली वीरधवल अध्यक्ष झाला. त्यानं पहिल्याच बैठकीत जाहीर केलं, निकाल लागल्याशिवाय कुस्ती सोडवणार नाही.

आकाराम गिरणी बंद करून त्याच्याकडे गेला. "नेम करा, चांगला हाय. आमची तेवढी जोड सोडून करा."

"काका, तुमच्यासाठीच केलाय."

बिराप्पा आला तेव्हा आकारामनं हा नियम त्याला सांगितला. गिरणी चालू असतानाच सांगितला. बिराप्पानं कानावर हात ठेवून "आं?" केलं. आकारामनं पुन्हा ओरडून सांगितलं. बिराप्पानं मान हलवली आणि पिठाकडे बघत बसला. त्याला काय वाटलं ते आकारामला कळलं नाही. विचारलंही नाही.

मैदानात आकारामचा बेत साधा होता. धरून उभं राहायचं. कमिटीला कंटाळा येतो, पैलवानाला येत नाही. दोघांनी एकमेकांच्या हाताला माती लावली, सलामी दिली आणि माना भिडवल्या. लोक चहाला गेले. चहा पिऊन आले. पुन्हा गेले. ऊन हौद्यातून निघून समोरच्या पत्र्यावर चढलं. देवाची पालखी छबिन्याला निघायची होती, तिची वाट मैदानातून होती, त्यामुळं पालखी वेशीत थांबली. तमाशाच्या कनातीतनं एक बाई डोकं काढून विचारून गेली, अजून किती हाय. लाऊडस्पीकरवाल्याकडची हरवलेली पोरं संपली, तेव्हा त्यानं सापडलेल्या चपलांची नावं घेतली.

"आकारामा," बिराप्पा त्याच्या कानाशी पुटपुटला. "देव खोळंबलाय."

"खोळंबू दे."

"बरं न्हवं ते."

एवढं बोलून बिराप्पा खाली गेला. पटात शिरला, आकारामच्या दोन्ही पायांना हात घातला, खरोखरीच्या जोरानं. इतक्या वर्षांत तो असा आला नव्हता. आणि आकारामनं काहीही ठरवायच्या आत त्याच्या हातांनी ठरवलं. बगलेतून हात गेला, कंबर फिरली, ढाक बसली. तालमीत हजारदा घोटलेला डाव होता. शरीराला कुणी विचारलं नव्हतं. बिराप्पा त्याच्यावरून फिरून पाठीवर आला आणि आभाळाकडे बघत राहिला.

मैदानाला आधी कळलंच नाही. मग अर्जुनाची हलगी वाजली.

फेटा बांधायला, गुलाल टाकायला, देवळाला फेरी मारायला वेळ गेला. आकाराम वरून बघत होता. गर्दीच्या कडेनं बिराप्पा लंगोटावर घोंगडं पांघरून त्याच्या घराकडे चालला होता.

कमिटीकडून आकाराम घरी आला तेव्हा साळूबाई चुलीपुढं बसली होती. कालवण उकळत होतं.

"बिराप्पा कुटं?"

"गेला. कापडं घातली, हात जोडलं नि इष्टांडावर गेला. मटान चुलीवर हाय म्हणलं, तर म्हणला, पडल्यालं माणूस हाय वैनी, येतो."

आकाराम उंबऱ्यात बसला.

"आवं, जिकलायसा न्हवं? मग त्वांड का आसं?"

"डावा खांदा टेकला न्हवता."

"मला काय सांगतायसा? मी काय पंच हाय?"

त्या वर्षभरात आकारामनं हे सगळ्या गावाला सांगितलं. दळण घेऊन आलेल्याला तो थांबवून ठेवायचा आणि गिरणीच्या फरशीवर स्वतः उताणा पडून दाखवायचा. "ह्यो उजवा. ह्यो टेकला. आता ह्यो बघा." बायका दळणाचा डबा घेऊन त्याच्यावरून ओलांडून जात. गावात चेष्टा सुरू झाली. कुणाचा बैल मेला तर दुसरा विचारी, डावा खांदा टेकला का. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडलेला उमेदवार आकारामला खास भेटून गेला आणि म्हणाला, "काका, माझं बी तसंच झालंय बगा."

पुढच्या जत्रेला जोड लागली नाही. निकाल लागलेली जोड रिवाजानं कशी लागणार? आदल्या दिवशी शेवटच्या एसटीपर्यंत आकाराम स्टँडवर होता. कुणी विचारलं तर तो म्हणे, पट्टा यायचाय गिरणीचा.

जत्रा झाल्यावर त्यानं धोतर नेसलं, साळूबाईकडून भाकरी बांधून घेतली आणि सांगलीची गाडी धरली. बिनकारणी जायचं नाही, हे त्याला अजूनही पटत होतं. कारण त्यानं बरोबर घेतलं होतं.

जतच्या पुढची गाडी त्याला माळावर सोडून गेली. बिराप्पा बाभळीखाली मेंढरांपाशी बसला होता. वाळला होता थोडा. आकारामला बघून तो उठला, अंगावरची धूळ झटकली.

"आलास व्हय."

"आलो."

"वैनी बरी हाय न्हवं? काय काम काढलंस?"

आकारामनं घसा साफ केला. तीन एसट्यांत त्यानं हेच घोकलं होतं. "तुझा डावा खांदा टेकला न्हवता. कमिटीला सांगितलं मी, ऐकत न्हाईत. तू यिऊन सांगितलंस तर ऐकतील. जोड पुन्ना लावतील."

बिराप्पानं एका मेंढराच्या पायातला काटा काढला. मग म्हणाला, "टेकला व्हता."

"न्हवता. बोटभर वर व्हता."

"आकारामा, खांदा माझा हाय की."

"तुला खालनं काय दिसणार?"

"दिसायचं काय त्येच्यात? माती गार व्हती. दोनी अंगानं गार लागली."

मेंढरं चरत होती.

"मागं एका साली मी असाच पडत व्हतो," बिराप्पा म्हणाला. "तू हात सैल सोडलास. म्हाईत हाय मला. त्या साली घरला आलो ते माज्यानं जेववंना. म्हणलं, आकारामाला कीव आली माझी. मग वरीसभर मेंढरामागं जोर मारलं. दर साली मारलं. म्हणलं, औंदा तरी तो खरा लडंल."

"कीव न्हवती ती."

"मग काय व्हतं?"

आकारामला उत्तर ठाऊक होतं. ते तोंडातून कसं काढायचं, हे कुठल्या तालमीत शिकवत नाहीत.

"घाम व्हता," तो शेवटी म्हणाला. "हात निसाटला."

"यप्पा. माघ म्हैन्यात?"

आकारामनं भाकरीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"औंदा काय न्हाई, पर गेल्या साली पाडलंस ते खरं पाडलंस," बिराप्पा म्हणाला. "तेवढं तरी ऱ्हाऊ दे मला. ते खोटं नगं करू."

दुपारी बिराप्पाच्या बायकोनं, अंबूबाईनं, दोघांना हुलग्याचं माडगं आणि भाकरी वाढली. जेवताना कुणी बोललं नाही. इथं गिरणी नव्हती, तरीही. मग बिराप्पा त्याला गाडीच्या फाट्यापर्यंत पोचवायला निघाला.

वाटेत एक म्हातारा धनगर भेटला. बिराप्पानं त्याला थांबवलं. "मामा, ह्यो आकाराम पैलवान, पाडळवाडीचा. ह्येनं मला पाडलं." म्हाताऱ्यानं आकारामला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि हात जोडले. आकारामनंही जोडले. विहिरीवर दोघेजण मोटर उघडून बसले होते, त्यांना बिराप्पानं हाक मारून बोलावलं आणि तेच सांगितलं. ग्रीसचे हात मागं धरून त्यांनी वाकून नमस्कार केला. दुकानदाराला सांगितलं. शाळेच्या मास्तरांना सांगितलं. सांगताना बिराप्पाची छाती पुढं येत होती. एवढ्या लांबून मुद्दाम भेटायला आलाय, असंही तो शेवटी शेवटी जोडायला लागला.

आकाराम प्रत्येकापुढं हात जोडत गेला. एकदा त्याचं तोंड उघडलं, पण बिराप्पा शेजारीच उभा होता.

गाडी आली. बिराप्पानं दार धरून ठेवलं आणि कंडक्टरला म्हणाला, "साहेब, पैलवानाला जागा द्या. मला पाडल्याला माणूस हाय."

कंडक्टरनं खिडकीची जागा दिली. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. आकाराम बसला, मांडीवर पिशवी घेतली, आणि मान खाली घालून सगळ्यांना हात जोडले.