रविवारच्या आधीची परीक्षा

स्वतःचं घर तासाभरावर असताना आर्वी रोडवरच्या पडक्या लॉजात मुक्कामाला जाणारी बाई आंजी गावात आजवर झाली नव्हती. रुख्माबाई झाल्या. रविवारी त्यांच्या धाकट्या मोहिनीला पाहायला मुलगा येणार होता, आणि तो मुलगा, ऋतिक, बापाचं हे जुनं लॉज चालवायचा.

पाहण्याच्या कार्यक्रमात सगळीच पोरं गरीब गाय होतात. थोरल्या रीताच्या वेळी जावई पोहे खाऊन स्वतःची बशी उचलायला निघाला होता. रुख्माबाई विरघळल्या. आता तोच जावई पाण्याचा ग्लाससुद्धा जागेवर मागतो. रीता हे फोनवर हसून सांगते, आणि फोन ठेवला की रुख्माबाई रडतात. मोहिनीच्या वेळी त्यांना फसायचं नव्हतं.

"आपण यवतमाळचे. बस हुकली," त्यांनी नवऱ्याला, रूपरावांना, वाटेत पढवलं.

लॉजच्या ओसरीत मुलाचे वडील अण्णाजी पेपर वाचत होते. ते खाकरले तशी रुख्माबाईंनी डोक्यावर पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. काउंटरवरून ऋतिकनं आधार कार्ड मागितलं. रूपराव उगाच खिसे चाचपू लागले.

"राहू दे रे," अण्णाजी म्हणाले, "थकेल माणसं हायेत."

खोलीतला नळ आधी खोकायचा, मग गंज ओकायचा, मग पाणी द्यायचा. परीक्षेला एवढं सामान पुष्कळ होतं. रुख्माबाईंनी गरम पाणी मागवलं, चादर बदलून घेतली, उशी परत पाठवली, पिठल्याला नावं ठेवली. दर खेपेला ऋतिक स्वतः आला. शेवटी स्टुलावर चढून त्यानं नळही दुरुस्त केला. तोवर त्याच्या नाकपुड्या फुगल्या होत्या, पण हात थांबले नाहीत.

"पुरे कर ना वं! पोरगं धापा टाकून राह्यलं," रूपराव कळवळले.

"तुम्हाले काऊन पुळका? लगन तुमच्याशी लावाचं हाय का?"

सकाळी पिशवी घेऊन त्या खुशीत बाहेर आल्या, तर अण्णाजींनी हात जोडले. "विहीणबाई, चहा घेऊन जा."

रुख्माबाईंनी पदर पुन्हा डोक्यावर ओढला. "कसं ओळखलं?"

"तीस वर्षं लॉज चालवलं. गिऱ्हाईक बाई मालकाले पाहून डोक्यावर पदर घेत नाई. व्याह्याले पाहून घेते. अन आधार कार्डाबिगर मी कोणालेच खोली देत नाई."

म्हणजे पोरालाही ठाऊक होतं! सगळी धावपळ नाटकच! रीताच्या नवऱ्याची ती बशी डोळ्यांपुढे आली.

तेवढ्यात ऋतिक आला. त्यांच्या हातातली पिशवी घेत म्हणाला, "मावशी, राग मानू नका. पण पुढच्या खेपेले दुसरं लॉज पाहजा. तुमच्यासारखं गिऱ्हाईक आम्हाले झेपत नाई." आणि पिशवी घेऊन तो फाट्याकडे चालू लागला.

होणाऱ्या सासूला असं कोण बोलतं? रुख्माबाईंनी अण्णाजींकडे पाहिलं.

"त्याले मी काईच सांगतलं नाई," ते हळूच म्हणाले.

इतका गोड अपमान रुख्माबाईंचा जन्मात झाला नव्हता. पदर तोंडाला लावून त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"व्याहीबुवा, आताही सांगू नका," त्या म्हणाल्या. "रविवारी त्याचं तोंड पाह्यचं हाय मले."