नारळ हातात घ्या आणि बोला

प्रियदर्शिनीचा नुसता संताप संताप झाला होता. महाडच्या कॉलेजातून दोन वाड्यांची बैठक घडवायला निघताना सरांनी बजावलं होतं, ‘संवाद घडवणाऱ्यानं बाजू घ्यायची नाही, रागवायचं तर मुळीच नाही.’ सरांना काय जातंय सांगायला! इथे वरंधजवळच्या तिच्या स्वतःच्या बौद्धवाडीत उन्हाळाभर नळाला थेंब नव्हता. सत्तरीची आजी, सुंदराबाई, नदीच्या डबक्यातून हंडे वाहत होती. आणि वरच्या वाडीचं एकच पालुपद, पाईपाचा वॉल खराब हाय, उघडतच नाय.

शाळेच्या पडवीत दोन्ही वाड्या गोल करून बसल्या. “आपन सगली एकाच गावची मानसं,” दगडू शेडगे म्हणाला. पाणी सोडायचं काम त्याचं. “पन वॉलच खराब, त्याला आमी काय करनार?” वरच्या वाडीनं माना डोलावल्या. एकाच गावची म्हणे!

मग तिच्या जोडीच्या साकिबनं नियम सांगितला. वस्तू ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वस्तू म्हणून त्या शहाण्यानं महाडच्या बाजारातून नारळ आणला होता. फळच आहे, कुणाला खुपणार नाही, असा त्याचा हिशोब. त्यानं तो दगडूच्या हातात ठेवला.

या गावात नारळ हातात घेऊन बोलायचं ते देवीसमोर, शपथेवर. दगडूचा चेहरा खर्रकन उतरला.

“ए पोरा, शपथ घालतोस काय रे?” मागून कुणीतरी ओरडलं. साकिब गांगरला. “सॉरी काका, मला माहीत नव्हतं,” म्हणत नारळ परत घ्यायला धावला.

प्रियदर्शिनीनं त्याला अडवलं. “राहू दे. बोला ना दगडूकाका. वॉल खराब आहे ना? मग तेच परत बोला.”

दगडूनं नारळ शेजाऱ्याच्या मांडीवर सरकवला. शेजाऱ्यानं पुढच्याच्या. हातात निखारा आल्यासारखा जो तो पुढे ढकलत होता. अख्ख्या वरच्या वाडीत एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी नारळ सुंदराबाईपाशी आला. तिनं तो जमिनीवर ठेवला.

“आमी नारलाची शपथ घेत नाय. खरं बोलायला आमाला हातात काय लागत नाय. वॉल धड हाय. त्याच्या पेटीला कुलूप हाय, नि चावी दगडूच्या करदोट्याला हाय.”

“चावी द्या,” प्रियदर्शिनीनं हात पुढे केला. आवाज चढला होता, चढू दे! “नाहीतर नारळ उचला आणि नाही म्हणा.”

दगडूनं कुणाकडेही न बघता करदोट्याची चावी सोडून तिच्या हातावर ठेवली.

वॉलच्या पेटीकडे जाताना ती आजीला म्हणाली, “सर बोलणार आता मला. रागवायचं नव्हतं गं, आजी.”

“गोड बोलता बोलता मी म्हातारी झाले गो,” आजी म्हणाली. “कुलूप काढ.”